‘वय झालं’ म्हणण्याआधी

(दहावी १९८१ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात मंद्रूप येथे केलेल्या भाषणाचा मजकूर. वेळेअभावी राहिलेला थोडा भाग नंतर लिहून घातला आहे.)



संयोजकांनी मला ‘आरोग्य’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. आरोग्यावर बोलायला खरं तर डॉक्टर लागतो, आणि आपल्या तुकडीत डॉक्टर आहेत. मी नर्स. अधिपरिचारिका म्हणून शासकीय नोकरीला लागले, परिसेविका होऊन निवृत्त झाले. चौतीस वर्षांत बाळंतपणाचा वॉर्ड झाला, ऑपरेशन थिएटर झालं, पण सगळ्यात जास्त वर्षं गेली ती मेडिसिनच्या आणि हाडांच्या वॉर्डात. तिथं ज्यांची सेवा करायला मिळाली ते बहुतेक आपल्या आई-वडिलांच्या वयाचे. म्हणून मी म्हातारपणावर बोलणार आहे. सणासारख्या दिवशी हा विषय कुठून काढला म्हणून नाकं मुरडू नका. या मांडवात बसलेले आपण सगळे साठीला आलो आहोत किंवा ओलांडून बसलो आहोत. सरकारच्या हिशेबात आपण आता ज्येष्ठ नागरिक. आणि आपल्यातल्या निदान निम्म्या घरांत ऐंशी-पंच्याऐंशीचं कुणीतरी अजून बाजेवर आहे. म्हणजे एका हाताने सासूबाईंना उठवायचं आणि दुसऱ्या हाताने स्वतःचा गुडघा धरायचा, अशी आपली अवस्था. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं दहा कोटींच्या वर होती, आणि महाराष्ट्रात शंभरातली जवळजवळ दहा. आता आपण त्यात भर घातली.

नोकरीत मी एक वाक्य इतक्या वेळा ऐकलं की त्याचा हिशेब नाही. “काय नाही सिस्टर, वय झालं.” आई जेवत नाही, वय झालं. अप्पा दोनदा पडले, वय झालं. आज्जी रात्री बडबडते, वय झालं. आणि याच्या अगदी उलटही ऐकलं. आज्जीला पहाटे तीनला जाग येते, झोपेची गोळी द्या. अप्पांना थकवा वाटतो, ताकदीची बाटली लावा. म्हणजे जिथं आजार आहे तिथं आपण वयाकडे बोट दाखवतो, आणि जे खरंच वयामुळे झालेलं असतं त्याला सुया टोचतो. या दोन्ही गोष्टींनी माणसं हकनाक जातात. आज मला एवढंच सांगायचं आहे, की वयाचं काय आणि आजाराचं काय हे ओळखायला घरातलं माणूस शिकू शकतं. त्याला शिक्षण लागत नाही. रोज बघणारे डोळे लागतात.

आधी वयाचं काय ते सांगते.

डोळ्यांपासून सुरू करू. चाळिशीचा चष्मा आपल्या सगळ्यांना लागून वीस वर्षं झाली. पण नुसता चष्म्याचा प्रश्न नसतो. डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, बाहुली लहान राहते, आणि विशीतल्या डोळ्याच्या मानाने साठीच्या डोळ्यात पडद्यापर्यंत साधारण एक-तृतीयांशच प्रकाश पोचतो. म्हणून म्हातारं माणूस “उजेड कमी आहे” म्हणतं तेव्हा ते कुरकुर करत नसतं. त्याला खरंच कमी दिसत असतं. माजघरातला तो एक मिणमिणता बल्ब बदला. मोतीबिंदू मात्र निराळा. तो ऑपरेशनने बरा होतो, आणि “अजून पिकला नाही” म्हणून थांबण्याचा काळ कधीच गेला. कामात अडचण यायला लागली की दाखवायचं.

कान. आज सकाळपासून मी बघते आहे, आपण सगळे गुरुजींच्या कानाशी जाऊन ओरडतो आहोत. आपल्याला वाटतं मोठ्यानं बोललं की ऐकू जाईल. वयानं आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. बोलण्यातले ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘त’ हे त्यातले. त्यामुळे आवाज पोचतो पण शब्द पोचत नाही. ओरडलं की आवाज आणखी चिरका होतो आणि शब्द आणखी बिघडतो. समोर या, तोंडावर उजेड पडेल असे उभे राहा, खालच्या पट्टीत, सावकाश बोला. आणि कळलं नाही तर तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणू नका, शब्द बदला. आमच्या वॉर्डात ‘हट्टी’ म्हणून नाव पडलेल्या कितीतरी आज्ज्या फक्त बहिऱ्या होत्या. एकीच्या तर कानात नुसता मळ होता.

झोप हलकी होते, तुकड्यातुकड्यानं येते. आठला अंथरुणावर पडलेलं माणूस तीनला उठलं तर त्याची सात तास झोप झालेली असते, त्याला गोळी कशाला? झोपेच्या गोळीवर असलेलं म्हातारं माणूस रात्री लघवीला उठतं आणि झोकांडी खाऊन पडतं. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे, की कुणी पडून आलं की मी आधी गोळ्यांची पिशवी मागायची.

कातडी पातळ होते, टेकलं तरी निळं पडतं. पचन मंदावतं. चव कमी होते, म्हणून “आमटीत मीठ नाही” हे वाक्य घराघरात आहे. मूत्रपिंडाची ताकद चाळिशीनंतर ठोकळमानाने दर वर्षी एक टक्का उतरते. त्यामुळे जी गोळी आपल्याला सहा तासांत उतरते ती त्यांच्या अंगात जास्त वेळ राहते. गुडघ्यासाठी दुकानातून आणून रोज खाल्लेली दुखीची गोळी आधी पोट जाळते आणि मग मूत्रपिंड. सर्दीच्या जुन्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसाची लघवी अडते, कधी डोकंही भरकटतं. आयुर्वेदिक असो, मेडिकलमधली असो, शेजारणीनं दिलेली असो, घरातल्या वयस्कर माणसाच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत ठेवा आणि दर वेळी डॉक्टरांपुढे ती पिशवी पालथी करा.

विसरण्याबद्दल सांगायलाच हवं, कारण चहाच्या वेळी तीन जणींनी मला बाजूला घेऊन तेच विचारलं. इथं आल्यावर दहा जणांची नावं आठवली नाहीत आणि ती परतीच्या एसटीत विजापूर रोडला लागल्यावर आठवली, तर ते वयाचं. डबा उघडायला वेळ लागतो, पण आत वस्तू आहे. किल्ली कुठं ठेवली हे विसरणं वेगळं आणि किल्लीचं काय करायचं हे विसरणं वेगळं. चाळीस वर्षं ज्या वाटेनं शेतात गेलो ती वाट चुकली, शंभराच्या नोटेचे सुटे मोजता येईनात, एकच प्रश्न दहा मिनिटांत पाच वेळा आला, तर ते वय नव्हे, दाखवायला न्या. प्रत्येक वेळी तो स्मृतिभ्रंशच निघतो असं नाही. थायरॉइड निघतं, ब-१२ कमी निघतं, जे आपल्याकडच्या शाकाहारी घरांत बरंच आढळतं. कधी मनाचं दुखणं निघतं. जोडीदार गेल्यानंतर गप्प झालेलं माणूस विसराळू वाटतं. यातलं बरंचसं औषधानं सुधारतं. पण दाखवलं तर.

आता मुद्द्याची गोष्ट. वय हळू येतं. ते महिन्यांनी, वर्षांनी येतं. मंगळवारी बरं असलेलं माणूस गुरुवारी वेगळं दिसलं तर ते वय असूच शकत नाही. म्हाताऱ्या माणसाची तुलना तरुणाशी करायची नाही, पुस्तकाशी करायची नाही, त्याच माणसाच्या गेल्या आठवड्याशी करायची. आम्हाला ड्यूटी बदलताना हेच सांगायला शिकवलं होतं: सकाळी होतं त्यापेक्षा आता काय बदललं?

भीमेकाठच्या एका गावाहून एक अव्वा आली होती. वय अठ्ठ्याहत्तर, मे महिना. दोन दिवसांपासून चादर ओढते, हवेत काहीतरी पकडते, रात्री ओरडते. घरच्यांनी आधी उतारा टाकला होता, मग जीपमध्ये घातलं. लेक म्हणाला, “वेड लागलंय. वय झालं. एवढं सलाईन संपलं की घरी नेतो.” ड्यूटीवर विदर्भातली एक नवी मुलगी होती. तिनं केसपेपरवर लिहिलं, ‘असंबद्ध बोलते.’ मी जाऊन ऐकलं. अव्वा म्हणत होती, “नीर बेकु.” आपल्याला इथं कुणाला त्याचा अर्थ सांगायला नको. ती पाणी मागत होती. मराठी तिला येत होतं, आयुष्यभर बाजारात बोललेली होती. पण ताप, आजार, भीती यांत माणूस आपल्या पहिल्या भाषेत जातं. आपला हा भाग दोन भाषांचा आहे. त्या मुलीचा दोष नव्हता, तिला कोण सांगणार?

तपासलं तर लघवीत जंतू होते आणि अंगातलं पाणी आटलेलं. ताप फारसा नव्हता. इथंच सगळे फसतात. म्हाताऱ्या माणसाचं अंग मुळात गारसर असतं, त्याला जंतूंशी लढताना ताप चढेलच असं नाही. न्यूमोनियात खोकला नसतो, हार्ट अटॅकमध्ये छातीत दुखत नाही, विशेषतः मधुमेह असला तर. नुसता दम लागतो, घाम येतो, किंवा माणूस एकाएकी मलूल होतं. आणि कितीतरी वेळा पहिली खूण डोक्यातच दिसते. दिवसा झोपाळू, रात्री भ्रमिष्ट, क्षणात ओळखतं आणि क्षणात ओळखत नाही. डॉक्टर याला डिलिरियम म्हणतात. हे वेड नाही आणि बाहेरचंही नाही. ही धोक्याची घंटा आहे, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो.

औषध डॉक्टरांनी दिलं. बाकीचं आम्ही केलं. हात बांधले होते ते सोडले, कारण बांधलं की भ्रम वाढतो. तिचा चष्मा घरी राहिला होता, तो मागवला. खिडकीजवळची खाट दिली, म्हणजे दिवस कोणता आणि रात्र कोणती ते कळेल. सुनेला सांगितलं, कन्नडमध्येच बोल, दर वेळी तुझं नाव सांग, आणि थोडं थोडं पाणी पाजत राहा. चौथ्या दिवशी अव्वा उठून बसली आणि सुनेला विचारलं, म्हशीला वैरण कुणी टाकली. लेक बाहेर व्हरांड्यात जाऊन रडला. ती त्यानंतर सहा वर्षं जगली, तिच्या नातीनं मला कळवलं.

पाण्याचं थोडं अधिक सांगते, कारण आपण सोलापूर जिल्ह्यातले. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो. वयानं तहान लागणंच कमी होतं. अंगाला पाणी हवं असतं, पण ते मेंदूला कळत नाही. घामही कमी येतो, म्हणून अंग थंड व्हायची सोय राहत नाही. त्यात रात्री लघवीला उठावं लागू नये म्हणून आज्जी मुद्दामच पाणी पीत नाही, विशेषतः जिथं संडास अंगणाच्या टोकाला आहे तिथं. “पाणी हवं का?” असं विचारू नका. उत्तर “नको” असंच येतं. पेला हातात द्या. सकाळी एक तांब्या भरून उशाशी ठेवा आणि संध्याकाळी त्यात किती उरलं ते बघा, एवढं साधं मोजमाप पुरे. बरंचसं पाणी संध्याकाळी पाचच्या आत पाजा, म्हणजे रात्रीचं उठणं कमी होतं. हृदय किंवा मूत्रपिंड अधू असेल तर मात्र पाणी किती ते डॉक्टर सांगतील तेवढंच.

आणि मीठ. बीपी निघालं की डॉक्टर म्हणतात, मीठ कमी करा. आपल्याकडची माणसं भक्तिभावानं मीठ बंदच करतात. त्यात बीपीची म्हणून लघवी वाढवणारी गोळी चालू, त्यात उन्हाळा, त्यात आज्जी एक चतकोर भाकरी खाणारी. रक्तातलं सोडियम उतरतं. माणूस सुस्तावतं, तोल जातो, बरळतं, कधी झटका येतो. आणि घरचे म्हणतात, वय झालं. कमी म्हणजे पापड, लोणचं आणि वरून घेतलेलं मीठ बंद, भाजी-आमटीतलं बेतानं चालू. एवढा एक फरक नीट समजला तर दर उन्हाळ्यात काही माणसं वाचतील.

ताकदीच्या बाटलीचा हिशेबही सांगून टाकते. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं, म्हणजे चमचाभर. ग्लुकोजच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर. एका ज्वारीच्या भाकरीतसुद्धा त्याहून जास्त ताकद आहे. जुलाब-उलट्या असतील, पाणी आटलं असेल तेव्हा सलाईन प्राण वाचवतं, मीच हजारो लावली असतील. पण थकवा आला म्हणून दर पंधरा दिवसांनी बाटली चढवणं, आणि तीही हृदय कमजोर असलेल्या माणसाला, म्हणजे छातीत पाणी भरायला निमंत्रण. ताकद हवी असेल तर डाळ, दूध, दही, अंडं खाणारे असाल तर अंडं. वयानं स्नायू झडतात, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला हे पदार्थ कमी नाही, उलट जरा जास्तच लागतात. दात नसतील तर कडक भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करा. शेंगाचटणी कोरडी देऊ नका, तिचा कोरडा भुगा घशात उडतो आणि ठसका लागतो. दह्यात कालवा. खाताना माणूस सरळ बसलेलं हवं, हनुवटी किंचित खाली, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. पडल्यापडल्या पाजलेला चहा कितीदा फुप्फुसात गेलेला असतो, ते एक्स-रेवर दिसतं.

आता पडण्याचं. हाडांच्या वॉर्डात माझी अकरा वर्षं गेली, त्यामुळे हे लांबलं तर सांभाळून घ्या.

खुबा मोडलेली माणसं रस्त्यावरच्या अपघातातून फार येत नव्हती. ती न्हाणीघरातून यायची, उंबऱ्यावरून यायची, रात्रीच्या अंधारातून यायची. तळपायाला करडईचं तेल चोळून लगेच फरशीवर चाललेली यायची. बायका जास्त, कारण पाळी गेल्यानंतर आपली हाडं भुसभुशीत होतात. पडणं हे वयाचं नाही. पडण्याला दर वेळी कारण असतं आणि बहुतेक वेळा ते घरातच सापडतं. न्हाणीतलं शेवाळं घासा. संडासात आणि बाजेपाशी भिंतीला एक भक्कम दांडी ठोका, टॉवेलची नव्हे. रात्रभर एक लहान दिवा राहू द्या. आणि उठताना तीन टप्पे: आधी कुशीवर, मग पाय खाली सोडून बसायचं आणि वीस आकडे मोजायचे, मग उभं राहायचं आणि उभ्या जागी पुन्हा थोडं थांबायचं. वयानं उठताना रक्तदाब सावरायला वेळ लागतो, बीपीच्या गोळीवर असलेल्यांना आणखी जास्त. आपणही उद्यापासून तसंच उठायचं आहे.

पण माझा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे. खुबा मोडून पेशंट येतो. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करू. आणि चार भावकीतले म्हणतात, “या वयात कशाला कापाकापी? होईल तेवढी सेवा घरीच करू.” सगळ्यांचा हेतू चांगला असतो. पण खुब्याचं ऑपरेशन हे बहुधा पळायला लावण्यासाठी करत नाहीत, उठून बसता यावं म्हणून करतात. आज जगभर ते पहिल्या एक-दोन दिवसांत उरकण्याकडे कल आहे, वय नव्वद असलं तरी. ऑपरेशन न करता अंथरुणावर खिळलेल्या माणसाला आधी पाठीला जखम होते, मग छातीत कफ भरतो, आणि काही महिन्यांत खेळ संपतो. कुणाचं हृदय, फुप्फुस भुलीला झेपण्यासारखं नसतं, तिथं प्रश्न वेगळा. तो भूलतज्ज्ञ सांगेल. भावकीनं वयाकडे बघून ठरवू नये. पंच्याऐंशीच्या माणसाला शुद्ध असेल तर आधी त्यालाच विचारावं, हे मी म्हटलं की व्हरांड्यातले पुरुष माझ्याकडे असे बघायचे, जणू काही भलतंच विचारलं.

तरीही काही माणसं अंथरुणाला खिळतातच. पक्षाघात झालेली, फार थकलेली. त्यांच्या पाठीची जखम, आपण बेडसोअर म्हणतो ती, हाही वयाचा भाग नाही. कंबरेखालचं माकडहाड, टाचा आणि खुबे या ठिकाणी हाड वर आणि अंथरूण खाली, मध्ये कातडी चिमटून तिचा रक्तपुरवठा तुटतो. इंग्लंडमध्ये डोरीन नॉर्टन नावाच्या एका नर्सनं वृद्धांच्या वॉर्डात बसून याचा अभ्यास केला आणि १९६२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तोवर नर्सा जखमेला स्पिरिट, मलमं, पावडरी, काय काय लावायच्या. तिला दिसलं की त्या लेपांनी विशेष काही होत नाही, माणसाला वेळच्या वेळी कूस बदलून दिली की मात्र जखमा कमी होतात. साठ वर्षं झाली त्याला. अजूनही घराघरांत पावडरीचे डबे रिकामे होतात आणि कूस बदलायला कुणी नसतं.

दर दोन तासांनी कूस. पूर्ण आडव्या कुशीवर नको, पाठीमागे उशी देऊन अर्धवट कलतं ठेवायचं, म्हणजे खुब्यावर भार येत नाही. पोटऱ्यांखाली उशी, टाचा हवेत. लाल झालेली जागा चोळायची नाही, आतली कातडी फाटते. दाबल्यावरही लाली जात नसेल तर ती जखमेची सुरुवात समजा आणि त्या जागेवर पुन्हा भार येऊ देऊ नका. हवेची गादी चांगली, पण गादी आणली म्हणून कूस बदलणं सुटत नाही. एकट्या बाईनं माणूस ओढायचं नाही. ओढलं की पेशंटची कातडी सोलते आणि ओढणारीची कंबर जाते. आपली सोलापुरी चादर यासाठी फार कामाची आहे. तिची चौपदरी घडी करून खांद्यापासून मांडीपर्यंत पेशंटच्या खाली घालायची, दोन्ही बाजूंना एकेकानं कड मुठीत धरायची आणि उचलून सरकवायचं. चादरीची वीण खरबरीत असते, म्हणून वर जुनं मऊ धोतर किंवा लुगडं पसरायचं, त्याला सुरकुती पडू द्यायची नाही. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नाही, वॉर्डातल्या एका जुन्या मावशींनी शिकवलं.

मी ‘दोन्ही बाजूंना एकेकानं’ म्हणाले. दुसरं कोण? मित्रांनो, हे तुमच्यासाठी आहे. दवाखान्यात बिल भरायला, डॉक्टरांशी बोलायला, बाहेरून औषध आणायला लेक हजर असायचे. भांडं द्यायला, पुसायला, भरवायला सून, नाहीतर माहेरी आलेली लेक. चौतीस वर्षांत स्वतःच्या वडिलांची कूस बदलणारे पुरुष मी मोजकेच पाहिले. आणि ते सगळे ते काम उत्तम करत होते, ताकद असते ना! आज ज्या घरात पंच्याऐंशीची सासू आहे तिथली सून साठीची आहे. तिलाही बीपी आहे. तिला रात्रभर झोप नाही, आणि चार वर्षं ती लग्नाकार्याला गेलेली नाही. आजच्या मेळाव्याला आपल्या तुकडीतल्या दोघी आल्या नाहीत, त्या याच कारणानं. आठवड्यातला एक दिवस आणि रोज रात्रीची एक पाळी घरातल्या पुरुषानं उचलावी. पुण्या-मुंबईला असाल तर पैसे पाठवताच, पण वर्षातून पंधरा दिवस रजा काढून या आणि त्या बाईला सोडवा. आठ दिवसांत शिकाल. शिकवायला मी आहे. वाटेल तेव्हा बोलवा.

सरकारी सोयींचं थोडक्यात सांगते, कारण बऱ्याच जणांना माहीत आहेत. पंच्याहत्तरीपुढे एसटी फुकट आणि पासष्टपासून अर्धं तिकीट. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. त्यावर योजनेतल्या रुग्णालयांत घरटी वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार होतात. खुब्याच्या ऑपरेशनला पैसे नाहीत म्हणून मागे फिरू नका, आधी कार्डाची चौकशी करा. ते आजारी पडल्यावर नव्हे, आजच काढून ठेवा. निराधारांना श्रावणबाळ योजना आहे. आणि १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा हेल्पलाइन नंबर फुकट आहे. एकट्या राहणाऱ्यांनी तो मोठ्या आकड्यांत लिहून भिंतीला लावावा.

माझी वीस मिनिटं केव्हाच झाली. जेवणानंतर मी त्या मागच्या खोलीत बीपीचं यंत्र घेऊन बसणार आहे. गुरुजनांनी आधी यावं, मग आपण. जेवल्याजेवल्या नको, अर्धा तास बसून या. प्रत्येकाचं बीपी मी दोनदा घेणार, एकदा बसवून आणि एकदा उभं करून, तेव्हा घाई करू नका. गोळ्या चालू असतील तर नावं सांगू नका, पाकिटं दाखवा. आणि घरी बाजेवर कुणी असेल तर त्याच्या पाठीचा मोबाइलवर फोटो काढून पाठवा, मी बघून सांगेन.